शिकारी दुर्बीण : संधिप्रकाश, काच आणि किंमत यांचा इतिहास

शिकारीसाठी वापरल्या जाणाऱ्या द्विनेत्री दुर्बिणीचा इतिहास प्रामुख्याने मध्य युरोपात घडला आणि तो घडवण्यात भिंगे घासणाऱ्या कारागिरांइतकाच वाटा तिथल्या रानांतील एका विशिष्ट वेळेचा आहे. लाल हरीण, रो हरीण आणि रानडुक्कर ही जनावरे दिवसा दाट झाडीत दबून राहतात आणि दिवस मावळल्यावर किंवा पहाटे झुंजूमुंजू होताना कुरणांत व शेतांत चरायला उतरतात. त्यामुळे जर्मन, ऑस्ट्रियन किंवा बोहेमियन शिकाऱ्याला आपले जनावर दिसते ते बहुधा कातरवेळी. नुसते दिसूनही भागत नाही. समोरचे जनावर नर आहे की मादी, त्याचे वय काय, शिंगांना फाटे किती, मादीमागे पाडस आहे की नाही, हे सारे ओळखल्याशिवाय बंदूक उचलणे त्या परंपरेत अप्रतिष्ठेचे मानले जाते आणि पुष्कळदा ते कायद्याच्याही विरुद्ध ठरते. साहजिकच शिकारी दुर्बिणीची पारख ती वस्तू किती मोठी दाखवते यापेक्षा मावळत्या उजेडात किती स्पष्ट दाखवते यावर होत आली, आणि तिची किंमतही याच एका गुणाभोवती चढत-उतरत राहिली.

अठराव्या शतकापर्यंत जर्मन भाषिक प्रदेशांत मोठ्या जनावरांच्या शिकारीचा हक्क राजे, सरदार आणि धर्मपीठे यांच्याकडे होता. त्यांच्या शिकारी म्हणजे दिवसाउजेडी चालणारे सोहळे असत. रयतेला हाकाऱ्याला जुंपायचे, कनातींनी रान वेढायचे आणि कोंडलेली जनावरे मंडपासमोरून पळवत न्यायची अशी रीत असल्याने, दूरचे न्याहाळण्याच्या साधनाची तिथे फारशी गरज पडत नसे. १८४८च्या क्रांतीने दुसऱ्याच्या जमिनीवर शिकार करण्याचा हा सरंजामी हक्क मोडीत काढला आणि शिकारीचा अधिकार जमिनीच्या मालकीशी जोडला गेला. पुढे लहान जमिनी एकत्र धरून त्यांचे शिकारक्षेत्र ठरवायचे व ते मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायचे, ही पद्धत प्रशियात १८५०च्या कायद्यानंतर रुळली आणि अन्यत्रही पसरली. त्यातून डॉक्टर, वकील, गिरणीमालक, मोठे शेतकरी आणि वनाधिकारी असा नवा शिकारी वर्ग उभा राहिला. या वर्गाकडे हाकाऱ्याला लावायला रयत नव्हती. तो एकट्याने मचाणावर तास न् तास निश्चल बसत असे किंवा वाऱ्याचा अंदाज घेत पायी माग काढत असे. दुर्बीण ही गरजेची वस्तू झाली ती या माणसासाठी, आणि तिच्यासाठी किती पैसे मोजावेत हा प्रश्नही प्रथम त्यालाच पडला.

त्याच्या हाती सुरुवातीला आलेली साधने अपुरी होती. १६०८ साली मिडलबर्ग येथील चष्मेकार हान्स लिपरहे याने दुर्बिणीच्या एकाधिकारासाठी नेदरलँड्सच्या प्रतिनिधिसभेकडे अर्ज केला, तेव्हा त्या सभेने दोन्ही डोळ्यांनी पाहता येईल असे उपकरण मागितले आणि त्याने ते करूनही दिले. म्हणजे द्विनेत्री दुर्बिणीची कल्पना खुद्द दुर्बिणीइतकीच जुनी आहे. अडचण रचनेची होती. गॅलिलिओच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रचनेत पुढचे भिंग बहिर्वक्र आणि डोळ्याजवळचे अंतर्वक्र असते. तिच्यात प्रतिमा सुलटी दिसते आणि नळीही आखूड राहते, पण वर्धन वाढवताच दृष्टिक्षेत्र, म्हणजे एका वेळी दिसणारा भूभाग, झपाट्याने आक्रसतो. म्हणून अशा दुर्बिणी दोन ते चार पट वर्धनापलीकडे व्यवहारात गेल्या नाहीत. व्हिएन्नाच्या योहान फ्रीडरिख फॉइग्टलेंडरने १८२३मध्ये याच तत्त्वावर नाट्यगृहासाठी जोडदुर्बीण केली आणि तीच मोठ्या आकारात सैनिकांच्या व शिकाऱ्यांच्या गळ्यात आली. केप्लरने १६११ साली मांडलेल्या दुसऱ्या रचनेत दोन्ही भिंगे बहिर्वक्र असतात. तिचे दृष्टिक्षेत्र मोठे असते, पण प्रतिमा उलटी पडते आणि ती सुलटी करण्यासाठी मध्ये आणखी भिंगे घातली की नळी हातभर लांब होते. स्कॉटलंडच्या उघड्या डोंगरउतारांवर हरणांचा माग काढणारे वाटाडे हीच लांब, एकनेत्री, घडीची पितळी दुर्बीण वापरत. उताणे पडून, गुडघ्यावर ती टेकवून ते दिवसाच्या लख्ख उजेडात मैलभरावरचे जनावर हेरत. त्यांचे हे कसब इतके पक्के होते की १९०० साली बोअर युद्धासाठी लॉर्ड लोव्हाट यांनी अशाच वाटाड्यांमधून ‘लोव्हाट स्काउट्स’ हे टेहळणी पथक उभारले. मात्र जर्मन अरण्यातल्या तिन्हीसांजेला वीस पट वर्धनाच्या अशा दुर्बिणीतून काळोखाखेरीज काही दिसण्यासारखे नव्हते.

या कोंडीतून वाट काढली ती इग्नात्सिओ पोरो (१८०१–१८७५) या इटालियन तोफखाना अधिकाऱ्याने आणि अभियंत्याने. केप्लरच्या रचनेतील उलटी प्रतिमा जादा भिंगांऐवजी काचेच्या दोन काटकोनी लोलकांनी सुलटी करण्याची युक्ती त्याने १८५४मध्ये पेटंटद्वारे नोंदवली. काचेतून विशिष्ट कोनात पृष्ठभागावर आदळलेला प्रकाश बाहेर न पडता पूर्णपणे आत परततो, यालाच पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. पोरोच्या लोलकांत प्रकाश असा चार वेळा वळतो, प्रतिमा सरळ होते आणि लांब मार्गाची घडी पडल्याने नळी आखूड होते. युक्ती बिनचूक होती, पण तिला साजेशी काच उपलब्ध नव्हती. लोलकात प्रकाशाला काचेतून बराच प्रवास करावा लागतो आणि त्या काळच्या काचेतील शिरा, बुडबुडे व असमान घनता यांमुळे प्रतिमा गढूळ होई.

येना या थुरिंगियातील लहानशा विद्यापीठनगरीत कार्ल झाइसने १८४६मध्ये सूक्ष्मदर्शकांची कर्मशाळा काढली होती आणि १८६६पासून पदार्थविज्ञानाचा तरुण अध्यापक अर्न्स्ट आबे तिच्याशी जोडला गेला होता. आबेने १८७३च्या सुमारास लोलकांच्या दुर्बिणीचा प्रयोग पोरोच्या कामाची माहिती नसताना स्वतंत्रपणे करून पाहिला आणि काच बरी नाही म्हणून बाजूला ठेवला. पुढे काचेचा रसायनज्ञ ओटो शॉट येनात आला, १८८४मध्ये तिथे काचेची प्रयोगशाळा उभी राहिली आणि बोरॉन, बेरियम यांसारखी द्रव्ये मिसळून ठरावीक गुणधर्मांची, एकजीव काच ओतणे प्रथमच शक्य झाले. वीस वर्षे बाजूला पडलेला प्रयोग आबेने तेव्हा पुन्हा हाती घेतला. १८९३मध्ये पेटंटसाठी अर्ज झाला आणि १८९४पासून चार, सहा व आठ पट वर्धनाच्या लोलक-दुर्बिणी विक्रीला आल्या. लोलकांची युक्ती पोरोच्या नावावर असल्याने आबेला संरक्षण मिळाले ते दोन वस्तुभिंगांमधील, म्हणजे नळ्यांच्या पुढच्या टोकांच्या भिंगांमधील, अंतर डोळ्यांमधील अंतरापेक्षा जास्त ठेवण्याच्या कल्पनेपुरते. या वाढीव अंतरामुळे दूरच्या दृश्याची खोली अधिक जाणवते. दुर्बिणीच्या इतिहासातील ही सर्वांत निर्णायक घटना मानायला हवी, आणि तिचे श्रेय कल्पनेपेक्षा काचेला अधिक द्यायला हवे.

पंधरा वर्षांची मुदत संपून १९०८मध्ये हे पेटंट लोपले आणि जर्मनीतील व बाहेरील अनेक कारखाने तशाच घडणीच्या दुर्बिणी करू लागले. किमतीच्या इतिहासातील हे पहिले वळण होय. तरीही शिकाऱ्याची मूळ गरज भागायची होती, कारण येनाच्या पहिल्या दुर्बिणींची वस्तुभिंगे फारच लहान होती. दुर्बिणीवर कोरलेल्या ८×२० यांसारख्या आकड्यांतील पहिला आकडा वर्धनाचा आणि दुसरा वस्तुभिंगाच्या मिलिमीटरमधील व्यासाचा असतो. दुसऱ्याला पहिल्याने भागले की नेत्रिकेतून, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगातून, बाहेर पडणाऱ्या प्रकाशवर्तुळाचा व्यास मिळतो आणि त्याला निर्गम वर्तुळ म्हणतात. ८×२०मध्ये हे वर्तुळ अवघे अडीच मिलिमीटरचे असते. भर दुपारी डोळ्याची बाहुली तितकीच आकुंचित असल्याने काही उणे भासत नाही, पण अंधारात तरुण माणसाची बाहुली सुमारे सात मिलिमीटरपर्यंत उघडते आणि तेव्हा अडीच मिलिमीटरचा झोत तिला अपुरा पडतो. ७×५०चे निर्गम वर्तुळ सात मिलिमीटरच्या किंचित वर जाते, आणि झाइसची १९१०मधील ‘बिनोक्टार’ ही याच मापाची दुर्बीण दर्यावर्दी व शिकारी या दोघांनाही सोयीची ठरली. पुढे शिकाऱ्यांनी ८×५६ हे माप आपलेसे केले. त्याचे निर्गम वर्तुळ बरोबर सात मिलिमीटर असते आणि वर्धन एका पटीने अधिक मिळते.

मध्य युरोपीय शिकाऱ्याच्या या मापावरील निष्ठेमागे कायद्याचाही आधार आहे. पश्चिम जर्मनीच्या १९५२च्या संघीय शिकार कायद्याने रानडुक्कर वगळता खूर असलेल्या जनावरांची रात्री शिकार करण्यास मनाई केली आणि रात्र म्हणजे सूर्यास्तानंतर दीड तासापासून सूर्योदयापूर्वी दीड तासापर्यंतचा काळ, अशी तिची व्याख्या केली. म्हणजे दिवेलागणीनंतरचा दीड तास शिकाऱ्याला मोकळा आहे, पण कृत्रिम उजेड वापरण्यास बंदी आहे; त्या दीड तासात जनावराची नेमकी ओळख पटवण्याचे काम दुर्बिणीनेच करायचे असते. याच गरजेतून ‘संधिप्रकाशांक’ नावाचे एक माप रूढ झाले, ज्यात वर्धन आणि वस्तुभिंगाचा व्यास यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढतात. ८×३०साठी हा अंक सुमारे १५.५, ७×५०साठी १८.७ आणि ८×५६साठी २१.२ येतो. विक्रेते तो मोठ्या हौसेने छापतात, पण त्यावर भिस्त ठेवणे धोक्याचे आहे, कारण १४×३२ अशा दुर्बिणीचाही अंक नेमका २१.२च भरतो आणि तिचे निर्गम वर्तुळ मात्र सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास असते. शिवाय काचेचा दर्जा आणि तिच्यावरील लेप यांची या गणितात नोंदच होत नाही.

लेपांची कथा १९३५मध्ये सुरू होते. हवेतून काचेत शिरताना किंवा काचेतून हवेत येताना प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे चार ते पाच टक्के प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो. लोलक-दुर्बिणीच्या प्रत्येक नळीत असे दहाएक पृष्ठभाग असल्याने उघड्या काचेच्या दुर्बिणीत जवळजवळ चाळीस टक्के प्रकाश डोळ्यापर्यंत पोहोचतच नसे आणि आत भटकणाऱ्या किरणांनी प्रतिमेवर धुके साचे ते वेगळेच. झाइसमधील अलेक्झांडर स्माकुला याने निर्वात पात्रात काचेवर प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही पातळ थर चढवून हे परावर्तन घटवण्याची पद्धत शोधली, पण ती लष्करी गुपित म्हणून दडवली गेली आणि नागरी बाजारात तिचा प्रसार महायुद्धानंतरच झाला. एकेरी लेपाने प्रत्येक पृष्ठभागावरील हानी दीड टक्क्याच्या आसपास आली आणि पुढच्या बहुपदरी लेपांनी ती अर्ध्या टक्क्यावर आणली. शिकाऱ्याच्या हिशेबाने पाहता, दुर्बिणीचे वजन तसूभरही न वाढवता कातरवेळची काही मिनिटे वाढवून देणारा दुसरा शोध नाही.

दुर्बिणीची दुसरी घडण वेट्झलार या गावी रूपाला आली. मोरित्झ हेन्सोल्टच्या कारखान्याने १९०५मध्ये ‘डियालिट’ नावाच्या दुर्बिणी आणल्या, ज्यांतील लोलकाचा एक पृष्ठभाग घराच्या कौलारू छपरासारखा दोन उतारांचा असतो. या छत-लोलकामुळे प्रकाश जवळजवळ सरळ रेषेत पुढे जातो आणि दुर्बीण सडपातळ, सरळ नळ्यांची होते. झुडपांतून सरपटणाऱ्या किंवा कोटाआड ती बाळगणाऱ्या शिकाऱ्याला ही ठेवण आवडणे स्वाभाविक होते. पण तिचे मोल भारी पडते, कारण दोन उतारांमधील काटकोन कमालीच्या अचूकतेने घासावा लागतो, अन्यथा प्रतिमा दुहेरी दिसते. याखेरीज, दोन उतारांवरून आलेल्या प्रकाशलहरींची लय एकमेकींशी जुळत नाही आणि बारीक तपशील किंचित पुसट होतो, हा दोष ऐंशी वर्षे तसाच राहिला. झाइसने १९८८मध्ये छतावर एक विशेष लेप चढवून तो दूर केला, आणि त्यानंतरच छत-लोलकाची दुर्बीण स्पष्टतेत पोरो-लोलकाच्या बरोबरीला आली.

दुसऱ्या महायुद्धाने या उद्योगाची फाळणी केली. १९४५मध्ये येनात आधी अमेरिकन सैन्य पोहोचले आणि शहर सोव्हिएत अमलाखाली जाण्यापूर्वी त्याने झाइसचे निवडक शास्त्रज्ञ व तंत्रज्ञ पश्चिमेला हलवले, ज्यांनी पुढे ओबरकोखेन येथे नवा कारखाना उभारला. मागे राहिलेल्या यंत्रसामग्रीचा बहुतेक भाग १९४६मध्ये सोव्हिएत संघात नेण्यात आला. तरीही येनाचे कारागीर पुन्हा उभे राहिले आणि वाजवी किमतीच्या इतिहासातील एक ठळक प्रकरण त्यांनीच लिहिले. १९२०पासून येनात ‘डेल्ट्रिंटेम’ ही ८×३० मापाची, हजार मीटरवर दीडशे मीटर रुंदीचा भूभाग दाखवणारी दुर्बीण बनत होती. पूर्व जर्मनीच्या सरकारी कारखान्याने तिचीच ‘येनोप्टेम’ ही आवृत्ती परकीय चलन मिळवण्यासाठी पश्चिमेत अल्प दरात विकली. त्याच काळात ओबरकोखेनचे झाइस, वेट्झलारचे लाइट्झ आणि टिरोलमध्ये १९४९मध्ये स्थापन झालेले स्वारोव्स्की ऑप्टिक यांच्या दुर्बिणी सामान्य नोकरदाराच्या आवाक्याबाहेर जात होत्या, तर येनोप्टेमसारख्या दुर्बिणीत पोरो-लोलकाची नितळ प्रतिमा त्यामानाने थोडक्यात मिळत होती. तिचे निर्गम वर्तुळ पावणेचार मिलिमीटरचेच असल्याने मचाणावरच्या शेवटच्या अर्ध्या तासाला ती कमी पडे, पण दिवसभराच्या पायपिटीसाठी तिच्या तोडीची दुर्बीण त्या पैशांत क्वचितच होती.

किमतीला खरा उतार दिला तो जपानने. युद्धकाळात लष्करी प्रकाशीय साधने करणारे टोकियोतील कारखाने, आणि त्यांच्या अवतीभोवती विशेषतः इताबाशी भागात पसरलेल्या छोट्या कर्मशाळा, युद्धानंतर दुर्बिणींकडे वळल्या. कोणी भिंगे घासायची, कोणी धातूची अंगे ओतायची, कोणी केवळ जुळणी करायची अशी कामाची वाटणी असल्याने खर्च कमी राहिला. १९४९मध्ये डॉलरचा दर ३६० येन असा बांधला गेला आणि हा माल अमेरिकेत फार स्वस्त पडू लागला. डेव्हिड बुशनेल याने १९४८मध्ये कॅलिफोर्नियात सुरू केलेला आयातीचा व्यवसाय याच मालावर वाढला आणि अमेरिकेच्या मध्यमवर्गीय शिकाऱ्यापर्यंत लोलक-दुर्बीण पोहोचली. सुरुवातीच्या जपानी दुर्बिणींत समाक्षतेचा दोष पुष्कळ आढळे. समाक्षता म्हणजे दोन्ही नळ्यांचे अक्ष एकमेकांना समांतर असणे, आणि ते तसे नसले की डोळे दुखतात, डोके जड होते व प्रतिमा दोन दिसू लागतात. बदनामी टाळण्यासाठी जपानने निर्यातीपूर्वी तपासणी सक्तीची केली आणि पसंत ठरलेल्या दुर्बिणीवर तपासणी संस्थेची लहानशी लंबगोल चिठ्ठी डकवली जाऊ लागली. स्वस्त वस्तूला विश्वासार्ह करणारी ही व्यवस्था जपानी प्रकाशीय उद्योगाच्या पुढील लौकिकाचा पाया ठरली, आणि तिचे महत्त्व तंत्रज्ञानातील कोणत्याही शोधापेक्षा कमी लेखता येत नाही. १९८५नंतर येन महागला तसे स्वस्त दुर्बिणींचे उत्पादन चीनकडे सरकले.

भारतात १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानंतर शिकारीचा मार्ग बंद झाला आणि ते योग्यच झाले. पण दुर्बीण त्यापूर्वीच निरीक्षकांच्या हाती गेली होती. १८८३मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आरंभीच्या मंडळींत शिकारीचे शौकीन होते, आणि सालिम अलींची पक्ष्यांशी ओळखही छर्‍याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीपासून झाली. आज महाराष्ट्रातील अभयारण्यांत बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यालगतच्या मचाणावर बसून प्राण्यांची नोंद करणारा स्वयंसेवक, त्याच्या हाती बंदूक नसली तरी, प्रकाशाच्या बाबतीत नेमका त्या जर्मन शिकाऱ्याच्याच जागी असतो, म्हणून या इतिहासाचा त्यालाही उपयोग आहे.

वीस-तीस पट वर्धनाची जाहिरात करणारी किंवा वर्धन कमी-जास्त करता येणारी स्वस्त दुर्बीण त्याने घेऊ नये, कारण हातात ती स्थिर राहत नाही आणि संध्याकाळी आंधळी होते. वयाच्या पन्नाशीनंतर बाहुली अंधारातही साधारण पाच मिलिमीटरच उघडत असल्याने ७×५० किंवा ८×५६चे ओझे वाहण्यात तशा व्यक्तीचा फायदा थोडा आहे. सव्वापाच मिलिमीटरचे निर्गम वर्तुळ देणारी ८×४२ तिला पुरेशी होते. खरेदीपूर्वी दुर्बीण हातभर अंतरावर आकाशाकडे रोखून नेत्रिकेतील प्रकाशवर्तुळ पाहावे : ते पूर्ण गोल असेल तर पोरो-लोलकांची काच सहसा बेरियमयुक्त, म्हणजे उंची असते, आणि कडांना चौकोनी करडी सावली दिसली तर ती हलकी समजावी. दूरच्या तारेकडे किंवा गच्चीच्या कडेकडे काही मिनिटे पाहून डोळ्यांवर ताण येतो का हेही तपासावे. छत-लोलकाची सडपातळ दुर्बीण चांगली व्हायला अचूक घासणी आणि लहरींची लय जुळवणारा लेप हे दोन्ही लागतात, आणि स्वस्तातील दुर्बिणीत या दोन्हींवरच काटकसर झालेली असते. म्हणून हाताशी पैसा मोजका असेल, तर त्याच किमतीत पोरो-लोलकाची, पूर्ण लेप दिलेली ८×४० किंवा ७×५० दुर्बीण घेणे हाच शहाणपणाचा सौदा आहे.